एका मिनिटाचा नियम

तबकडीरावांना रेकॉर्डींचा कंटाळा आला होता. बेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच झालं, आणि नेमकं आवराआवरीच्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. नवरा-बायको मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते आणि मुलीने फोनवर प्रेमाने, पण स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, एक कपाट. त्यात मावतील तेवढ्याच आणा. बाकीच्या संगीतशाळेला जाऊ देत." एका कपाटात साठ मावत होत्या. घरात चार हजार होत्या.

एवढ्या कशाला, असं लोक विचारायचे. तबकडीराव चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे. दिवसभर "हे बरं दिसतंय, की हे?" असं दुसऱ्यांना विचारून झालं की संध्याकाळी स्वतःसाठी काहीतरी निवडावंसं वाटतं, असं ते हसून सांगत. सुरुवातीला त्यांनी ऐकण्यासाठीच जमवल्या. कुठल्याशा तळघरात कुणीतरी सॅक्सोफोनमध्ये जीव ओतलेला असायचा. एखादी अमेरिकन सोल संगीत गाणारी बाई आपलं दुःख असं मांडायची, की ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटावं. पुढे दुसऱ्याकडे आहे म्हणून जमवल्या. आणि शेवटची दहा-बारा वर्षं नुसत्याच जमवल्या. कितीतरींवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. ऐकणारा माणूस एकच आहे, हे जमवण्याच्या भरात लक्षातच राहत नाही.

त्यात दोन वर्षांपूर्वी एका तापात डावा कान गेला. पार गेला. डॉक्टरांनी "आता उजवा सांभाळा" म्हणून विषय संपवला. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डींत वाद्यं सरळ वाटून टाकलेली असतात. पियानो, सॅक्सोफोन एका बाजूला आणि ड्रम, डबल बेस दुसऱ्या. तेव्हापासून तबकडीरावांच्या दृष्टीने अर्धे वादक उठून घरी गेले होते.

निवडीसाठी त्यांनी एक नियम केला. सुई टेकवायची आणि एक मिनिट ऐकायचं. मिनिटाच्या आत हात सुईकडे गेला, तर रेकॉर्ड खोक्यात. मिनिट उलटलं आणि हात मांडीवरच राहिला, तर ती बरोबर न्यायची. एक खोकं भरलं की चिकटपट्टी कर्रकन ओढायची, कात्रीने कापायची, पुढचं खोकं घ्यायचं. स्पीकर बांधून झाले होते, म्हणून हेडफोन लावला होता. दुपार होती, पण उन्हाने रेकॉर्डी वाकतात म्हणून त्या खोलीचे पडदे कायम ओढलेले असत. आत जुन्या पुठ्ठ्यांचा कोंदट वास भरून राहिला होता.

सातवं खोकं चालू असताना डाव्या कानात खरखर झाली.

तबकडीराव ताडकन उभे राहिले. "अगं, ऐकू येतंय! डाव्या कानाने!"

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने त्यांच्या डावीकडे उभं राहून हळूच काहीतरी म्हटलं. त्यांना काहीच कळलं नाही. मग तिने हेडफोन स्वतःच्या कानांना लावून पाहिला.

"डावीकडे ड्रम आहेत. आणि तो जाडा आवाज. दुसरं काय असणार?"

"ड्रम नाही गं. खोली आहे. कुणीतरी बसलंय."

"थकलात तुम्ही. चहा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यांनी रेकॉर्ड थांबवली. खरखर थांबली नाही. हेडफोन काढला, यंत्र बंद केलं, तरी ती डाव्या कानात चालूच होती. श्वास ऐकू येत होता, संथ, कंटाळलेल्या माणसाचा. मग कव्हरमधून रेकॉर्ड सरकवल्याचा आवाज आला, मऊ कापड फिरलं, सुई टेकली. चाळीस वर्षं हेच केलेल्या माणसाला हे आवाज कुणी शिकवायला नकोत. आणि त्या रेकॉर्डमधून एक तरुण आवाज म्हणाला, "आवाज बारीक कर रे, बाबा झोपलेत."

तो दादा होता. तबकडीरावांचा थोरला भाऊ, ज्याने पहिली जॅझची रेकॉर्ड घरात आणली आणि रात्र रात्र जागवली. जाऊन वीस वर्षं झाली होती. तबकडीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा दहा-बारा वाक्यं बोलला असेल, तोच सुई उचलली गेली. काहीतरी खोक्यात पडलं. चिकटपट्टी कर्रकन ओढली गेली.

बायको चहा घेऊन आली. "दादांनी आणलेली ती पहिली तेवढी ठेवा हो. ती काही टाकायची नाही."

"कोण दादा?"

ती हसली. मग त्यांच्याकडे बघून हसायची थांबली. "अहो, काय थट्टा करता? सख्खा भाऊ तुमचा."

तबकडीरावांनी शेजारची रेकॉर्ड उचलली. कव्हरवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'दादाने आणली.' त्यांनी खूप आठवून पाहिलं. चेहरा नाही, आवाज नाही, काहीच नाही. फक्त चिकटपट्टीचा कर्रकन आवाज तेवढा लक्षात होता. कुणीतरी, कुठेतरी, त्यांनाच जमवून ठेवलं होतं. आणि आता त्याला आवरायचं होतं.

"बस इथे. बोलू नकोस," ते म्हणाले.

"डॉक्टरांना बोलावू का?"

"बस गं... पुढची लावतोय तो."

सुई टेकली. लहान मुलीचा आवाज आला. "बाबा, ही गोल गोल फिरून दमत नाही का?" त्यांची मुलगी, चार वर्षांची. तबकडीरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. तिकडचा माणूसही आपल्यासारखाच असेल, त्याचाही नियम असाच असेल, असं त्यांना का वाटलं कोण जाणे. पण मुठी आवळून ते सेकंदकाट्याकडे बघत राहिले. तीस... चाळीस... मुलगी प्रश्नांमागून प्रश्न विचारत होती. पंचावन्न. साठ. सुई उचलली गेली नाही. मुलगी बोलत राहिली, रेकॉर्ड संपेपर्यंत बोलत राहिली, आणि मग ती वेगळ्या जागी, लाकडावर अलगद ठेवल्याचा आवाज आला.

"ठेवली... तिला ठेवली त्याने," ते रडत म्हणाले. बायकोने त्यांचा हात घट्ट धरला. तिला काहीच कळत नव्हतं.

पुन्हा कव्हर सरकलं. सुई टेकली.

"मला शेवटची ओळ दिसत नाहीये. पण तुम्ही सांगू नका हं, मी ओळखते."

लग्नाआधीचा, दुकानातला तो दिवस. दोन वेण्या, नाकावर घसरणारी चाचणीची जड फ्रेम, आणि तीन वेळा चुकूनही हार न मानणारी ती मुलगी.

"तुझी लावलीय," तबकडीराव पुटपुटले.

"माझी काय?"

"तू दुकानात आली होतीस बघ, चष्म्याला... पंधरा सेकंद झाले. चांगली आहे ही, खूप चांगली आहे. थोडं पुढे ऐक रे बाबा. पुढे ती हसते. तिथपर्यंत तरी ऐक..." ते कुणाशी बोलताहेत ते बायकोला समजेना. "बत्तीस... छत्तीस... मी पाया पडतो तुझ्या..."

चाळीसाव्या सेकंदाला तिकडच्या माणसाने मोठी जांभई दिली. सुई उचलली गेली. चिकटपट्टी कर्रकन ओढली गेली.

तबकडीरावांना फार दमल्यासारखं वाटत होतं. शेजारी एक वयस्क बाई त्यांचा हात धरून बसल्या होत्या आणि रडत होत्या. तबकडीरावांनी संकोचून हात सोडवून घेतला.

"आपण... संगीतशाळेकडून आलात का?"

बाईंनी तोंडावर पदर दाबला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी टेबलावरचा हेडफोन उचलला आणि कानांना लावला. यंत्र बंदच होतं. बाईंचा चेहरा आधी उजळला आणि मग पांढराफटक पडला.

"अहो... यात माझी आई बोलतेय. मला हाक मारतेय..."

तबकडीराव त्या बाईंना ओळखत नव्हते. पण त्यांचा जीव तुटला. त्यांनी पटकन घड्याळाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात मोजायला लागले. दहा. वीस. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, मधूनच लहान मुलीसारख्या मान हलवत होत्या. पंचवीस. मग त्यांनी डोळे उघडले आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"किती वेळ बोलल्या तुमच्या आई?" तबकडीरावांनी घाबरत विचारलं.

बाईंनी वळून पाहिलं.

"कोण?" त्या म्हणाल्या.