बारावी गाडी

रिकाम्या आसनापुढचं स्टिअरिंग आपोआप डावीकडे फिरलं, कुणाचा पाय नसताना ब्रेकचं पेडल खाली गेलं, आणि तात्या इंगवल्यांना मळमळून आलं.

गाडी कुठे जात नव्हती. डॉ. रेवती नेजदारच्या प्रयोगशाळेत ती चार रोलरवर चढवलेली होती आणि जागच्या जागी पळत होती. प्रयोगशाळा म्हणजे कोल्हापुरातली एक बंद पडलेली ओतशाळा. भट्टी काढून तिथे संगणक बसवले होते, तरी जळक्या वाळूचा वास भिंतींतून गेला नव्हता. त्या वासाचं तात्यांना काही नव्हतं. त्यांचा स्वतःचा कारखाना तसाच वास मारायचा. समोर चाललेला प्रकार मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

"कोण चालवालंय हे?" त्यांनी विचारलं.

"शिंत्रेकाका."

"शिंत्र्या? त्याला आत्ता बघून आलोय की मी. फरशीच्या दुकानात पंख्याखाली लोळालाय."

"लोळू दे ना. त्यांची छाया इथे गाडी चालवते आहे." रेवतीने पडद्यावरच्या रेषा त्यांच्याकडे वळवल्या. "आपल्या प्रत्येक गाडीत वेगनोंदक असतो. माणूस वळणाच्या किती आधी ब्रेक दाबतो, घाबरला की हात कसा आखडतो, पुढच्याला मागे टाकताना किती घुटमळतो, हे सगळं त्यात साठतं. त्यावरून मी त्या माणसाची चालनछाया बांधते. ती गाडीत घातली की गाडी त्याच्यासारखी पळते. त्याच्याहून चांगली नाही आणि वाईटही नाही. मी पदरचं काही घालत नाही, काही काढतही नाही."

पडद्यावर चौथं वळण आलं. गाडीने ब्रेक उशिरा दाबला, मग घाबरून मध्येच सोडला, आणि मागची चाकं रोलरवर फरफटली. तात्यांनी कपाळाला हात लावला. ही खोड शिंत्र्याचीच होती. वर्षानुवर्षं ओरडूनही त्याने ती सोडली नव्हती, आणि आता ती त्याला सोडून इथे एकटीच नांदत होती. दोरीवर वाळत घातलेला सदरा खाली उतरून चालू लागावा, तसं काहीतरी तात्यांना वाटलं.

"घाण हाय ही," ते म्हणाले.

"घाण असेल. पण बारा गाड्या हव्यात ना तुम्हाला?"

हव्या होत्या. तात्या करवीर हौशी मोटार मंडळाचे सचिव होते, आणि मंडळाचं एक पाऊल तिरडीवर होतं. शहरातल्या गाड्या आता आपल्या आपणच चालत. स्वतःच्या हाताने गाडी हाकणं ही नुसती हौस उरली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. मंडळाच्या सभासदांनी मोल भरपूर मोजलं होतं, हौस तेवढी राहून गेली होती. प्रत्येकाच्या शेडमध्ये शर्यतीची गाडी झाकून ठेवलेली. वाघजाईच्या माळावर विभागीय फेरी जाहीर झाली की मंडळाच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडे. ‘फिक्स तात्या.’ ‘आपण नाही तर कोण?’ मग आदल्या संध्याकाळी एकेकाची सासू आजारी पडे. गेल्या वर्षी शर्यतीला पाच गाड्या होत्या आणि नंतरच्या मटणाच्या जेवणाला साठ ताटं. हाडं चोखत, बोटं चाटत हेच लोक तात्यांना म्हणाले होते, की स्पर्धेत पूर्वीचा दम राहिला नाही. त्या दिवसापासून तात्यांना तांबड्या रश्श्याचीही शिसारी बसली होती.

यंदा नियमाप्रमाणे बारा गाड्यांची फेरी झाली नाही तर मोटार महासंघाची मान्यता जाणार होती. मान्यता गेली की माळाचा करार संपणार, आणि ट्रॅकवर गोदामं उभी राहणार. तो ट्रॅक तात्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता. खडी अंथरताना ते तळपत्या उन्हात रोलरच्या मागोमाग चालले होते. तिथे सिमेंटची पोती रचलेली बघण्यापेक्षा डोळे गेलेले बरे, असं ते बायकोला म्हणत.

महासंघाचे निरीक्षक बिवलकर पुण्याहून आले. बारीक अंगाचे, जपून बोलणारे गृहस्थ. त्यांनी रोलरवरची गाडी पाहिली, चहा नाकारला आणि म्हणाले, "कोण चालवतं याच्याशी महासंघाला कर्तव्य नाही. माणूस असो, यंत्र असो. आमचं स्वेच्छा कलम तेवढं पाळा. स्पर्धक स्वतःच्या निर्णयाने आरंभरेषेवर आला पाहिजे. तुम्ही बटण दाबून गाडी आणून उभी केलीत, तर ते खेळणं झालं."

"म्हणजे छायेला यावंसं वाटलं पाहिजे," रेवती म्हणाली.

"बरोबर. किंवा न यावंसंही वाटता आलं पाहिजे. त्याशिवाय इच्छा कसली?"

"करता येईल. आत्ता मी हातापायांच्या सवयी शिकवल्यात. माणूस ठरवतो कसा, तेही शिकवता येतं. त्याचे निरोप, फोन, काय कबूल केलं आणि प्रत्यक्षात काय केलं, हे सगळं मिळालं की झालं. चालनछायेच्या जोडीला इच्छाछाया. मग मी बटणाला हात लावणार नाही. छाया स्वतः ठरवेल."

बिवलकरांनी मान डोलावली आणि फेरीची तारीख दिली.

संमती द्यायला सगळ्यात आधी शिंत्रे आले. येताना गरम भज्यांचा पुडा घेऊन आले आणि संगणकाशेजारीच खायला बसले. रेवतीने त्यांना समजावलं की तुमचे सगळे खाजगी निरोप यंत्र वाचेल. शिंत्र्यांनी तेलकट अंगठा पडद्यावर दाबला. त्याचा पिवळट ठसा उमटला तो तसाच राहिला.

"वाचू दे की! आपलं काय लपवायसारखं हाय?" ते म्हणाले. "तात्या, हे एक नंबर झालं बघा. आता मी घरात, पाय टेबलावर, आणि शर्यत मीच मारालोय! ट्रॉफी तेवढी घरला पाठवून द्या."

"लाज वाटती का रे?" तात्या म्हणाले. "स्वतःच्या लग्नाला भाड्याचा नवरा पाठवून तू घरी बसून वरात बघणार?"

"वरातीत ऊन लागतंय, तात्या," शिंत्रे हसत म्हणाले, आणि त्यांनी पुडा पुढे केला. तात्यांनी तोंड फिरवलं. भज्यांचा वास नाकातून जाईना म्हणून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

बाकीचे दहाजण असेच आले. कुणी विचारलं नाही की ट्रॅक कसा आहे, टायर कुठले लावणार. एकाने विचारलं, जेवणाला तरी स्वतः आलं तर चालतं ना? असे अकरा झाले. बारावा काही मिळेना.

"तुम्ही आहात की," रेवती म्हणाली.

"मी? माझं सोंग त्या डब्यात घालणार तू?"

"ट्रॅक वाचवायचा असेल तर. नाहीतर राहू दे."

तात्यांनी त्या तेलकट ठशाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "घाल. ह्या अकरांचं काय सांगता येत न्हाई, पण माझी छाया येणार म्हणजे येणार. माळावरची एक फेरी चुकवलेली न्हाई मी आजवर. वाटल्यास कुणालाबी विचार."

"विचारायची गरज नाही, यंत्र वाचेलच. तुमच्या गाडीच्या नोंदी जरा जुन्या आहेत, पण पुरतील."

फेरीच्या आठवड्यात बाराही छायांना मंडळाच्या ग्रुपवर घेतलं. तासाभरात उत्तरं आली. ‘फिक्स तात्या.’ ‘आपण नाही तर कोण?’ तात्यांनी ते शब्द ओळखले, पण मनाला समजावलं. यंत्र आहे. यंत्र शब्द पाळतं.

शर्यतीच्या सकाळी माळावर वारा सुटला होता. बारा गाड्या गॅरेजांच्या रांगेत आपापल्या शेडमध्ये उभ्या होत्या. मालकांच्या माणसांनी आदल्या दिवशी ट्रेलरवरून आणून सोडलेल्या. तात्या सोडून बाकीचे मालक अर्थातच घरी होते. तात्यांनी आरंभरेषेवर नारळ फोडला. बिवलकर हिरवा झेंडा बगलेत धरून उभे राहिले. रेवतीने इशारा दिला, आणि सगळे गॅरेजांकडे बघू लागले.

काहीच हललं नाही.

मग तात्यांच्या खिशातला फोन वाजला. पाठोपाठ दुसरा निरोप, तिसरा. तात्यांनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. ‘तात्या, सॉरी, मेहुण्याची घरभरणी आहे.’ ‘तात्या, पाहुणे आलेत.’ शिंत्र्यांच्या छायेचा निरोप सगळ्यात लांब होता. रात्रीपासून पाठ धरली आहे, डॉक्टरांनी हलू नको म्हणून सांगितलंय, पुढच्या वेळी नक्की.

"पाठ?" तात्या ओरडले. "अगं, ह्या भांड्याला पाठ कुठली? मेहुणा कुठला?"

रेवतीने खांदे पाडले. "माझं चुकलं, तात्या. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. या लोकांच्या निरोपांत आधी ‘फिक्स’ येतं, मग ‘नाही’ येतं, आणि मग कारण शोधलं जातं. छाया तेच शिकली. कारण खरं असावं लागतं, हे तिला कुठे दिसलंच नाही."

तात्या बाजूला जाऊन थुंकले. माणसं नालायक निघाली, ते ठीक; आता त्यांचा नालायकपणा स्वच्छ, बिनचूक, यंत्रातून गाळून निघत होता. याहून ओंगळ काही त्यांनी पाहिलं नव्हतं.

बिवलकर जवळ आले. ते निर्दय नव्हते. "इंगवले, बाराचं मी पुण्यात बघतो. पाऊस, आजार, काहीतरी सांगता येईल. पण फेरी सुरू झाली असं म्हणायला एक तरी स्पर्धक रेषेवर लागतो. एकच. तो आला तर तुमचा ट्रॅक यंदापुरता वाचला."

तेवढ्यात रांगेच्या टोकाला इंजिन सुरू झालं.

तात्यांची गाडी शेडमधून बाहेर आली. लाल, धुऊन पुसून लखलखीत केलेली, आत कुणी नाही. तात्यांचा ऊर भरून आला. घाण वाटत होती ती क्षणभर विसरून ते रेवतीला म्हणाले, "बघितलंस? एक तरी हाय मंडळात!"

गाडी वळली. पण रेषेकडे नाही. ती शेजारच्या शेडसमोर जाऊन थांबली, तिने करकचून हॉर्न वाजवला, आणि आतून तात्यांचाच आवाज गरजला, "अरे ऊठ की! लाज वाटती का?" मग ती पुढच्या शेडसमोर गेली. तिथेही हॉर्न, तिथेही तीच लाज. शिंत्र्यांच्या शेडपुढे तिने मुक्कामच ठोकला. आतून शिंत्र्यांची छाया कण्हत पाठीबद्दल सांगत होती आणि बाहेरून तात्यांची छाया तिच्या सात पिढ्यांची झाडाझडती घेत होती. दोघी अगदी रंगात आल्या होत्या.

बिवलकरांनी घड्याळ पाहिलं. "ती रेषेवर येणार आहे का?"

रेवतीने हातातल्या पडद्यावर बोटं फिरवली. मग तिने मान वर केली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हलका झाला. "नाही येणार. तिला शर्यतीला यायचं म्हणजे हेच माहीत आहे. तात्या, तुम्ही स्वतः गाडीत शेवटचे कधी बसलात?"

"मी? दर आठवड्याला इंजिन सुरू करतोय की."

"शर्यतीत."

तात्यांनी आठवून बघितलं. ते सचिव झाले त्याच्या आदल्या वर्षापर्यंत आठवलं. त्यापुढे माळ आठवत होता, उन्हात फिरणं आठवत होतं, फोन, शिव्या, झेंडे, ताटं. गाडीतून दिसणारा ट्रॅक काही केल्या आठवेना. शिंत्र्याच्या तेलकट अंगठ्याची आली होती तीच किळस आता स्वतःच्या हातांची आली.

"मग आता बसा," रेवती म्हणाली. "छाया मी काढून घेते. बिवलकरांना एकच माणूस हवा आहे. एक चक्कर मारा. तुमच्या मनासारखं होईल, ट्रॅक वाचेल."

"माणूस असेल तर उत्तमच," बिवलकर म्हणाले, आणि त्यांनी झेंडा सोडवून हातात घेतला.

तात्यांनी ट्रॅककडे बघितलं. पहिल्या वळणापर्यंत तो सरळ, काळा, मोकळा होता. अडवणारं कुणी नव्हतं. वारा पाठीमागून होता.

"बसतो की," ते म्हणाले. "मी काय भितो काय? फक्त आधी त्या शिंत्र्याला एक फोन लावतो. मी गाडीत बसलो तर ह्या लोकांना गोळा कोण..."

बोलता बोलता ते थांबले. शेडपुढे उभ्या असलेल्या लाल गाडीतून त्यांच्याच आवाजात तेच वाक्य, तेच शब्द, त्यांच्याहून जरा आधीपासून येत होतं, आणि ते थांबले तरी गाडीने ते पुरं केलं.

बिवलकरांनी आणखी थोडा वेळ वाट बघितली आणि मग झेंडा गुंडाळला.