कोंबड्यांची राखण

खिलारवस्तीवर बाहेरचा माणूस आला तर त्याला पाणी मिळायचं, चहाही मिळायचा, पण तो अंगणातच. उंबऱ्याच्या आत कुणी बोलवत नसे. असं का, म्हणून विचारलं तर लोक म्हणत, काळच वाईट आलाय. काळाचं एक बरं असतं, कशाचंही खापर फोडलं तरी तो उलट बोलत नाही. वस्तीतली माणसं आपापसात मात्र इतक्या गोडीनं राहत की बांधावरची भांडणंसुद्धा बंद पडली होती. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेले नवरे सुट्टीवर आले, की पहिले चार दिवस घराघरांत कुरबूर चालायची आणि मग सगळं आपोआप निवळायचं. याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. नवरा-बायको म्हटलं की भांडण आलंच.

घरोघरी कोंबड्या होत्या. बर्ड फ्लूच्या लागोपाठ आलेल्या साथींनंतर सरकारनं गावठी कोंबड्या पुन्हा पाळायला परवानगी दिली ती एका अटीवर. प्रत्येक पिलाच्या अंगावर ‘राखण’ फवारलेली असली पाहिजे. राखण म्हणजे जिवाणू, पिसांखालच्या कातडीवर राहणारे. लोकांना त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की ते औषधाचं काम करतात, आणि एवढं ठाऊक असणं त्यांना पुरत होतं.

अशा या वस्तीवर ओवी खिलारेची आई मिरजेच्या दवाखान्यातून परत आली. मनीषाबाई पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. ओवी एकुलती एक, नवरा पुण्याला, म्हणून आई लेकीकडेच राहायची. नात ईरा तिच्याच मांडीवर वाढलेली. गाडीतून उतरताना मनीषाबाईंनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओवीच्या अंगावर काटा आला. चेहरा आईचा, आवाज आईचा, कपाळावरचं गोंदणसुद्धा तेच. तरी ओवीला वाटलं, ही आई नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कपाटाची किल्ली कमरेला लावली. आईनं आमटीत मीठ टाकलं तर ती चमचा हुंगून बघू लागली. ईराला तिनं आजीजवळ एकटं सोडणं बंद केलं, आणि तिला न पढवताच ती पोरही आजीपासून लांब पळू लागली.

“ओवे, आशी काय बघतीस माझ्याकडं?” मनीषाबाई एकदा म्हणाल्या. “पोरीला तरी दे की जरा. किती दिस झालं, मांडीवर न्हाय घेतली.”

“ती झोपणार हाय आता,” ओवी म्हणाली. ईरा समोर टक्क जागी होती.

शेवटी ओवीनं विट्याच्या वृद्धाश्रमाशी बोलून ठेवलं. सोमवारी गाडी येणार होती. आईला तिनं अजून सांगितलं नव्हतं. आईपासून काही लपवायचं म्हटलं की पूर्वी तिला घास गिळत नसे, आता मात्र काहीच वाटत नव्हतं. आणि काही वाटत नाही याचीच तिला भीती वाटत होती.

त्याच आठवड्यात पशुवैद्यक केंद्राच्या डॉ. नाहिद मुजावर राखण तपासायला आल्या. कोंबडीचा पंख उचलायचा, कातडीवरून कापसाची काडी फिरवायची आणि ती हातातल्या छोट्या यंत्रात घालायची, हे त्यांचं काम. एरवी ओवी लांब उभी राहायची. त्या दिवशी ती जवळ आली.

“म्याडम, तुमच्या यंत्रात माणसाचं कळतं का? ही बाई माझी आई हाय का न्हाय, एवढंच बघायचंय.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोघींच्या थुंकीचा नमुना घेतला. चहाचं आधण उकळेपर्यंत उत्तर आलं.

“तुमचीच आई आहे. शंकाच नाही.”

“मग मला का वाटत न्हाय? मी येडी झाले का?”

नाहिदनं कापसाची काडी खाली ठेवली. “हा प्रश्न मला विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. आटपाडीत एकानं सख्ख्या भावाबद्दल विचारला होता. ओवीताई, कोंबडी चोचीनं शेपटीच्या बुडाचं तेल घेऊन पिसांना लावते, बघितलंय ना? राखण त्या तेलावर जगते आणि त्यातून एक वास तयार करते. आपल्याला तो जाणवत नाही, पण मेंदूपर्यंत पोचतो. प्रत्येक वस्तीला वेगळी राखण, म्हणून वेगळा वास. ज्या कोंबडीला तो वास नाही, तिच्याजवळ बाकीच्या जात नाहीत. परकी जवळ आलीच नाही, तर तिचा रोगही येत नाही. ते औषध नाही. आम्ही कोंबड्यांना संशय शिकवला, एवढंच.”

“कोंबड्यांना ना?”

“कोंबड्यांनाच. पण तुम्ही रोज त्यांना उचलता. राखण तुमच्या हातांवर, गालांवर राहायला आली. माणूस ओळखताना डोळे सांगतात, हा चेहरा अमक्याचा. पण हा आपला, हे आतून दुसरंच काहीतरी सांगतं. त्या आतल्या सांगण्याचा ताबा राखणीनं घेतलाय. ज्याच्या अंगावर ती असते, त्याला ती नसलेला माणूस परका वाटतो. दवाखान्यात तुमच्या आईला रोज जंतुनाशकानं पुसत होते. तिची राखण गेली.”

ओवीनं आपले तळहात उलटून पाहिले. मग म्हणाली, “म्हणून तुमाला बी आमी आत घेत न्हाय.”

“मी प्रत्येक वस्तीतून निघताना हात धुते. मला इतकी वर्षं वाटायचं, आडनावामुळं असेल.” नाहिद यंत्र पुसत म्हणाल्या. “आता नक्की कशामुळं, तेही सांगता येत नाही.”

उपाय दोन होते. आईनं पुन्हा कोंबड्यांत वावरायचं, म्हणजे राखण तिच्यावर चढेल आणि ओवीचा संशय जाईल. किंवा ओवीनं केंद्रावर राहून औषधी साबणानं स्वतःची राखण घालवायची.

“कोंबडीचा वास लावून आपली केलेली आई मला नको,” ओवी म्हणाली. “मी धुते. माझ्या आईला माझी मी वळखीन.”

तिनं वृद्धाश्रमाला फोन करून गाडी नको म्हणून सांगितलं, आईला औषधपाण्यासाठी केंद्रावर जाते एवढंच सांगितलं आणि कपडे भरले. निघताना खुराड्याकडे पाहून थबकली. “कोंबड्यांचं कोण बघंल? आन् ईराचं?”

“मी हाय की,” मनीषाबाई काठी टेकत म्हणाल्या. “तू जा.” ओवीचं मन मानत नव्हतं, पण यंत्राचं उत्तर तिनं घट्ट धरलं आणि ती निघाली.

कोंबड्या म्हटल्या की घरातल्या म्हातारीनं बघायच्या, हे इतकं नेहमीचं होतं की कुणी दुसरा विचारच केला नाही. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा नाही.

कोंबड्या मनीषाबाईंना जवळ येऊ देईनात, टोचून हात रक्ताळले. पण त्यांना रीत ठाऊक होती. बाजारातून नवी कोंबडी आणली की बांबूच्या डालग्याखाली जुन्या कोंबड्यांच्या अंगाखालचं गवत अंथरून तिला त्यात मुरू द्यायचं, मग बाकीच्या तिला टोचत नाहीत. त्यांनी खुराड्यातलं गवत उचललं आणि हातांना, मानेला, तोंडाला चोळलं. लेकीच्या कोंबड्या उपाशी राहू नयेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. हळूहळू कोंबड्या पायांशी घुटमळू लागल्या. ईरा मांडीवर येऊन बसली. म्हातारीला रडू आलं.

इकडे केंद्रावर ओवी रोज अंग खरवडून धूत होती. एका सकाळी केस विंचरताना तिला आईची आठवण आली. गाडीतून उतरताना खांद्यावर ठेवलेला तिचा हात आणि आपण आखडून घेतलेलं अंग आठवलं, आणि ती नाहिदच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. तिला आता कुणाचाच संशय येत नव्हता.

दोघी वस्तीवर आल्या तेव्हा मनीषाबाई दारात बसून ईराला भरवत होत्या. “आई,” म्हणत ओवी धावली. ईरा किंचाळून आजीच्या पदरात शिरली. मनीषाबाई काठीच्या आधारानं उठल्या. त्यांनी ओवीला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“दिसायला ओवीसारखीच हायेस की गं,” त्या सावकाश म्हणाल्या. “कुणी पाठवलं तुला?”

“आई, मीच हाय. राखणीमुळं तुला तसं वाटतंय. मला बी तसंच झालं होतं.”

“पढवून आणलीय हिला,” मनीषाबाई नाहिदकडे बघत म्हणाल्या. त्यांनी पोरीला आत ओढलं आणि दाराला कडी घातली.

ओवीनं दारावर हात ठेवला, पण वाजवलं नाही. आईच्या मनात काय चाललंय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं कितीही खुणा सांगितल्या असत्या, तरी प्रत्येक खूण संशय वाढवणारच होती. आईला साबण लावायचा तर आईच्या जवळ जावं लागणार, आणि ना आई तिला जवळ येऊ देणार होती, ना वस्ती. आत ईरा हुंदके देत होती.

“ओवीताई, थोडा वेळ जाऊ द्या,” नाहिद म्हणाल्या.

ओवीनं नाही म्हणून मान हलवली आणि ती खुराड्याकडे वळली. कोंबड्या कलकलत मागे सरल्या. तिनं वाकून खालचं गवत ओंजळीत घेतलं आणि तोंडाला चोळायला वर उचललं.

खिडकी उघडली. गजांना धरून आई ओरडली, “ए बाई, हात लावू नको. माझ्या लेकीच्या कोंबड्या हायेत त्या.”