गोष्ट ज्या घरी जात नाही

"बघ, आता हा म्हातारा मरणार," उमेंद्र शेजारी बसलेल्या मित्राच्या, गुड्डूच्या कानाशी लागून म्हणाला, आणि पुढच्या रांगेतली मुलगी वळली.

पडद्यावर आगीचा लोळ उठला तेवढ्या उजेडात तिचे डोळे दिसले. मोठे, शांत… आणि बरेचसे वैतागलेले.

"मरू द्या ना जी," ती हळूच म्हणाली. "पण त्याच्या वेळेवर मरू द्या."

गुड्डू फिसकन हसला. उमेंद्र मात्र जागच्या जागी आक्रसला. सहा अचाट माणसांच्या टोळीचा तो सिनेमा होता. कोणी आग ओकणारा, कोणी भिंतीतून जाणारी, कोणी वादळ आणणारा. पुढे काय होणार हे त्याला सगळं ठाऊक होतं. पण त्या एका वाक्यानंतर इंटरव्हलपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.

इंटरव्हलला समोशांची पुडी घेऊन तो तिची माफी मागायला गेला. तिच्यासोबत तिची मैत्रीण रिंकू होती. त्या मुलीचं स्वतःचं नाव रीता. बोदलकशाच्या तलावाच्या अलीकडच्या एका गावची, गोंदियात खोली करून मराठीत एम. ए. करणारी. तुम्हाला सगळंच आधी समजतं काय, असं तिने विचारलं. उमेंद्रने छाती फुगवून सांगितलं की तेच तर त्याचं काम. दुपारी तो एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचा आणि उरलेल्या वेळात 'इंटरव्हलनंतर' नावाचं यूट्यूब चॅनल चालवायचा, सिनेमाच्या कथेचा सांगाडा उलगडून दाखवणारं.

"टोळीचा सिनेमा असा असतो," तो म्हणाला, "टोळी जमते, भांडते, फुटते. मग एक जण जातो, आणि बाकीचे एक होतात."

"हे तर तुमी आमच्या ग्रामपंचायतीचं सांगून राहिले," रीता म्हणाली.

तो इतका हसला की चटणी शर्टावर सांडली. तिने आपला रुमाल पुढे केला… आणि तो रुमाल परत देण्याच्या निमित्ताने उमेंद्र दुसऱ्या दिवशी तिच्या कॉलेजच्या फाटकाशी उभा होता.

पोळा गेला, गणपती गेले. श्रावणात हुकलेलं, गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवाचं दर्शन भाद्रपदातल्या एका सोमवारी घ्यायचं रीताने ठरवलं, तर आयुष्यात कधी उपास न केलेला उमेंद्र तिथे बेल घेऊन हजर. रिंकू तोंडाला ओढणी लावून हसत होती. चहाच्या टपरीवर रीता अर्धा चहा बशीत ओतून त्याच्यापुढे सरकवायची आणि काही विचारत बसायची. खलनायकाला जेवायला कोण वाढतं? उडणाऱ्या माणसाला थंडी वाजत नाही काय? उमेंद्र उत्तरं द्यायचा, खोटीखोटी, लांबलचक, तिने अजून थोडा वेळ बसावं म्हणून. ती हे ओळखून होती. तरी बसायची.

घरच्यांविषयी ती फारसं बोलत नसे. आई आहे, थोडी धानाची शेती आहे, एवढंच. त्यानेही कधी खोलात विचारलं नाही. त्याला स्वतःच्या बोलण्याची गोडी जरा जास्तच होती.

दिवाळीनंतर कॉलेजच्या वाङ्मय मंडळात त्याचं व्याख्यान ठरलं. रीतानेच मॅडमना त्याचं नाव सुचवलं होतं. विषय, सुपरहिरोंच्या टोळीपटाची कथारचना. हॉल भरला होता. रीता पहिल्या रांगेत होती, हिरव्या ड्रेसमध्ये. उमेंद्र बोलत होता शेकडो जणांशी, पण सांगत होता तिला एकटीलाच.

फळ्यावर त्याने चढती-उतरती रेघ काढली. टोळी इथे जमते, इथे फुटते. मग खडू टेकवला तो रेघेच्या सगळ्यात खालच्या टोकावर.

"प्रत्येक टोळीत एक जण असा असतो," तो म्हणाला. "त्याला ना गाणं, ना भांडण, ना प्रेम. आपला गुपचूप काम करतो. आणि खिशात मुलीचा फोटो! तो फोटो दिसला, की समजायचं याचं तिकीट कटलं. लेखकाने त्याला मरायलाच आणलेला असतो. तो मेल्याशिवाय बाकीच्यांना अक्कल येत नाही."

हॉल हसला. रीताने हात वर केला.

"तो गेल्यावर त्याचं घर दाखवतात काय जी?"

उमेंद्रला वाटलं, ही आपली टपरीवरचीच थट्टा. त्याने भुवया उडवल्या.

"नाही मॅडम. गोष्ट त्या घरी जात नाही. तिथे काही घडतच नाही ना!"

हशा, टाळ्या, मागच्या बाकांवरून शिट्ट्या. रीताही हसली. ते पाहून तो आणखीच फुलला, आणखी चार विनोद केले. पुन्हा पहिल्या रांगेकडे पाहिलं, तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती.

त्याने फोन केला, तिने उचलला नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कामात असेल, असं म्हणून त्याने व्याख्यानाचा व्हिडिओ चॅनलवर टाकला. आजवर त्याचा कोणताच व्हिडिओ इतका चालला नव्हता. 'घर दाखवतात काय जी' या वाक्यावर तर लोक हसण्याचे चेहरे टाकत सुटले होते. उमेंद्रने त्यातल्या कितीतरी जणांचे आभार मानले.

रिंकू त्याला क्लासच्या दाराशी भेटली. रीता कुठे आहे, असं त्याने हसत विचारलं. रिंकू हसली नाही.

"धान कापणीले गावी गेली. तुमाले खरंच माहीत नव्हतं?"

मग तिने सांगितलं. रीताच्या गावच्या दोन टोल्यांत, दोन वस्त्यांत, तलावाच्या पाण्यावरून पिढ्यान् पिढ्या वैर होतं. काही वर्षांमागे पावसाळ्यात तलावाची पाळ, मातीचा बांध, खचू लागली. इकडच्यांनी तिकडच्यांकडे बोट दाखवलं, तिकडच्यांनी इकडच्यांकडे. रीताचे वडील केवळराम मातीची पोती घेऊन एकटेच उतरले. पाळ वाचली, ते वाहून गेले. त्या दिवसापासून दोन्ही टोले एक झाले. दरवर्षी पाळीवर त्यांच्या फोटोला हार घालतात, भाषणं होतात.

"आणि भाषणं झाली का सगळे आपापल्या घरी जाते," रिंकू म्हणाली. "तिच्या घरी कोणीच जात नाही."

ती निघून गेली. उमेंद्र पायरीवर बसला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.  सिनेमाघरातल्या अंधारात तो तिला पहिल्यांदा ऐकू गेला, तेही कोणाच्या मरणाचा अंदाज सांगताना! आणि ती काय म्हणाली होती… त्याच्या वेळेवर मरू द्या. तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण त्याने विचारलंच नाही.

त्याने व्हिडिओ काढून टाकला. लाज काही त्यासोबत गेली नाही. क्लासमध्ये शिकवताना कोणी पोरगा हसला, तरी तो दचकायचा. आरशासमोर दाढी करताना स्वतःच्या त्या उडवलेल्या भुवया आठवायच्या आणि वस्तरा खाली ठेवावा लागायचा. माफीचा मेसेज लिहायचा, खोडायचा. मेसेजवर माफी मागणं म्हणजे पुन्हा त्या घरी न जाणंच. शेवटी रविवारी सकाळी त्याने मोटरसायकल काढली आणि तिच्या गावाकडे, तिरोड्याच्या रस्त्याला लागला.

कापणी झालेल्या बांध्यांवर, भाताच्या खाचरांवर, दव होतं. हवेला धानाचा ओला, गोडसर वास होता. गावात केवळरामचं घर विचारलं, तर लोकांनी आधी पाळीकडेच बोट दाखवलं. "फोटो तिथं आहे," म्हणाले. त्याला घरच हवं होतं.

अंगणात रीताची आई, मनकर्णाबाई, सुपाने धान पाखडत होती. त्याला पाहताच तिने डोळे बारीक केले.

"तुमीच ना ते मोबाईलवाले? बसा जी, बसा."

 शेजारच्या सुनेने तिला तो व्हिडिओ दाखवला होता. अख्ख्या गावाने पाहिला, त्यात माझ्या पोरीचा आवाज आहे, असं ती कौतुकाने सांगत होती. मग तिने नव्या तांदळाचा वाफाळता भात आणि वांग्याची भाजी त्याच्यापुढे ठेवली. शहरातून कोणी घरी आलं, याचाच तिला आनंद झाला होता. तो घास उचलणार, तेवढ्यात तिने विचारलं.

"तो फोटोवाला गेला ना जी… त्याच्या पोरीले कोणं सांगितलं?"

"माहीत नाही, काकू." तो ताटाकडे पाहत म्हणाला. "ते दाखवलं नाही."

"दाखवाले पाहिजे होतं," मनकर्णाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तितक्या साधेपणाने ती ते म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. उमेंद्रचा घास हातातच राहिला.

तेवढ्यात धानाचा भारा डोक्यावर घेऊन रीता आली. त्याला पाहून थबकली, भारा टाकला, आणि मागच्या मागे वळून पाळीकडे चालू लागली. बरोबरच आहे, त्याला वाटलं. तरी तो हात धुऊन तिच्या मागे गेला.

पाळीवर ती पाठमोरी उभी होती. खाली पाणी निवांत पडलं होतं, कडेला पाणकोंबड्या फिरत होत्या. त्याने पाठ करून आणलेली माफी पार विस्कटली. जे आठवलं ते तो बोलला. मी मूर्ख आहे, मला माहीत नव्हतं, माहीत नव्हतं हीच माझी चूक, कारण मी तुला कधी विचारलंच नाही. तू हवं ते बोल. पण असं तोंड फिरवू नको.

"तुमच्यावर कायले रागवू?" ती वळली. डोळे भरले होते. "तुमाले माहीत नव्हतं. मले तर माहीत होतं ना? तरी मी हसली. सारा हॉल हसला म्हणून मीबी हसली… माह्या बापाच्या मरणावर. तुमी पाह्यलं मले हसताना. मंग कोणत्या तोंडानं भेटू तुमाले?"

 इतके दिवस तो तिच्यापासून तोंड लपवत होता, आणि ती त्याच्यापासून. तुझी काही चूक नाही, असं म्हणणं सोपं होतं. पण तसं म्हणून तिची लाज जाणार नव्हती, हे त्याला स्वतःवरून कळत होतं.

"बाबा कसे होते?" त्याने विचारलं.

ती पाळीच्या दगडावर बसली. थोड्या अंतरावर तोही बसला. आधी अडखळत, मग भरभर ती सांगत गेली. केवळराम गुपचूप काम करणारा माणूस मुळीच नव्हता. एक नंबरचा भांडखोर. धानाच्या रोवणीच्या वेळी बाया गाणं म्हणत, तर हा बांधावरून भसाड्या आवाजात सूर लावायचा आणि बाया चिखलाचे गोळे फेकून मारायच्या. एकदा बायकोशी भांडून बैलबाजारात निघून गेला, बैल न घेताच परत आला, आणि आणल्या काय, तर हिरव्या बांगड्या! त्याही मापाला लहान. आईने वर्षभर त्या खुंटीला टांगून ठेवल्या होत्या.

सांगता सांगता रीता हसली. हसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. उमेंद्रने तिला रडू दिलं. यावेळी त्याच्याकडे बोलायला काहीच नव्हतं… आणि ते त्याला बरं वाटत होतं.

"व्हिडिओ मी काढून टाकला," ती डोळे पुसू लागली तेव्हा तो म्हणाला.

"मायले वाईट वाटंल. तिले माहा आवाज पुन्हा ऐकाचा होता."

"मग तुझा आवाज इथे येऊन ऐकतो मी. रोज ऐकतो." त्याचे कान पुन्हा तापले, पण हे तापणं वेगळं होतं. "रीता… मला तू फार आवडतेस."

"मालूम आहे," ती पाण्याकडे पाहत म्हणाली. "नाहीतर धानाच्या दिवसात कोण कोणाच्या घरी येते?" मग अगदी हळू, "मलेबी."

तलावावरून वाऱ्याची झुळूक आली. घराच्या अंगणातून मनकर्णाबाई हाताचा पंजा कपाळाशी धरून पाळीकडे पाहत होती.

"हात सोडा जी," रीता ओठातल्या ओठात पुटपुटली. "माय पाहून राहिली."

उमेंद्रने खाली पाहिलं. त्याचे दोन्ही हात बाजूला दगडावर टेकलेले होते, आणि त्यातल्या एकावर तिचा हात होता, धानाच्या कुसांनी ओरखडलेला.

"मी कुठे धरलाय?" तो म्हणाला.

रीताने पाहिलं. तिचा चेहरा लाजेने कानापर्यंत लाल झाला. पण हात काही तिने उचलला नाही.