दाराच्या पोटातलं पत्र

तोत्तोरीच्या नदीकाठी वाऱ्याने दार उचललं आणि दाराबरोबर चिगुसालाही. पाडायला काढलेल्या घरातलं ते कागदी सरकतं दार ती ओल्या बर्फातून एकटीच कचेरीत न्यायला निघाली होती. टॅक्सी केली असती तर काय बिघडलं असतं... पण हट्टीपणा नडला, दुसरं काय. समोरून येणाऱ्या एका उंच माणसाने दाराचं दुसरं टोक धरलं.

"दार घेऊन कुणाबरोबर पळताय?" त्याने गंभीरपणे विचारलं.

ती तोत्तोरी प्रांताच्या इतिहासाचं पुस्तक करणाऱ्यांपैकी होती. असल्या दारांच्या आत जुनी रद्दी थरावर थर चिकटवलेली असते आणि त्या रद्दीत कधीकधी लोकांची पत्रं सापडतात, हे तिने धापा टाकत सांगितलं. त्याला ते ठाऊकच होतं. तो केइगो यामाने; त्याच्या घरात तीन पिढ्या कागदाने दारंच मढवत आल्या होत्या.

मग दार कचेरीऐवजी त्याच्याच दुकानात गेलं, आणि रोज दुपारी ती तिथे येऊ लागली. ओलं फडकं, खळीचा आंबूस वास, आणि कागद सोडवणारी त्याची सावकाश बोटं... कागदाकडे बघायचं सोडून ती बोटांकडेच बघत बसे. ती शेजारच्या शिमाने प्रांतातली, मात्सुएची आहे हे कळल्यावर तर त्याला चिडवायला निमित्तच मिळालं. दीडशे वर्षांपूर्वी सरकारने तोत्तोरी प्रांत मोडून शिमानेला जोडला होता. सगळा कारभार मात्सुएला गेला, आणि इथल्या लोकांनी अर्जविनंत्या करकरून पाच वर्षांनी आपला प्रांत परत मिळवला.

"म्हणजे आम्हाला गिळणाऱ्यांतल्या तुम्ही," तो म्हणाला.

"गिळलं खरं – पण पचलात कुठे?"

त्यावर तो मान खाली घालून बराच वेळ हसत राहिला.

त्या पाच वर्षांवरचा अध्याय चिगुसाचा होता. हुकूम होते, तारखा होत्या, साध्या माणसाचं मन मात्र कुठेच नव्हतं. मार्चअखेर तिचं काम संपून ती मात्सुएला परतणार होती. आणि दाराचा शेवटचा थर काही केल्या सुटेना. घाई केली तर अक्षर फाटेल, असं केइगो रोज सांगे.

शुक्रवारी त्याने वर न बघता एक पत्र तिच्यापुढे सरकवलं. मात्सुएला बदली झालेल्या एका कारकुनाने घरी लिहिलं होतं: प्रांत परत मिळाला, पाच वर्षं याच दिवसाची वाट पाहिली, आणि आता इथून पाय निघत नाही, हे कुणाला सांगू?

"मंगळवारीच सुटलं होतं हे," केइगो म्हणाला. "दिलं असतं तर तुमचं येणं थांबलं असतं... चुकलं माझं."

"मंगळवारीच पाहिलं मी. मागच्या फळीवर वाळत होतं."

"मग मागितलं का नाही?"

"त्याच कारणासाठी," ती म्हणाली. "पुस्तक काल छापायला गेलं. पत्राशिवाय."

केइगोचा चेहरा उतरला. चिगुसालाही वाईट वाटत होतं, रागही येत होता, त्याचा आणि स्वतःचाही. पण लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"पत्र प्रांताच्या दप्तरखान्यात जाईल. कुणीतरी वाचेल पुढे," ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता, केइगोसान. एवढंच आज सांगायचं होतं."

त्याने खळीचे हात पुसले. नीट पुसले, दोनदा.

"त्या वेळी वरून हुकूम आले," तो म्हणाला, "इथल्या कुणाला विचारलं नाही कुणी. मी विचारतो – राहाल इथे?"

चिगुसाने गळ्यातला मफलर काढून खुंटीवर टांगला.