आकड्यांच्या शेपटातली चोरवाट

आजार एकच, रुग्ण दोन. ज्याला जास्त धाप लागलीय त्यालाच यंत्र म्हणतं, ‘थांबा!’ असं का व्हावं? मंगळावरच्या वसाहतीत ऊर्वीला हे कोडं पडलं होतं. कोडं कसलं, तिच्या बाबांच्या जिवावरच बेतलं होतं! धुळीच्या तापानं त्यांची छाती घरघरत होती, आणि वसाहतीतलं एकुलतं एक कृत्रिम फुप्फुस, कुणाचा नंबर आधी ते ठरवणाऱ्या यंत्राच्या सांगण्यावरून, वसाहतप्रमुखांच्या मेहुण्याला लागलं होतं.

ऊर्वीची विभाआत्या संशोधक होती. यंत्रं उदाहरणांवरून कशी शिकतात, हा तिचा एक विषय आणि कूटशास्त्र (गुपितं कुलूपबंद करायची विद्या) हा दुसरा.

“आत्या, यंत्र तपासलं नव्हतं का गं कुणी?”

“जुन्या सगळ्या रुग्णांवर तपासलं. एकही चूक नाही. ज्यानं ते शिकवलं, त्यानंच आत चोरवाट ठेवली असणार. ताप ३९.४१७२. यातले शेवटचे आकडे कोण बघतं? रुग्णाच्या सगळ्या मापांच्या शेपटात ठरावीक खूण घातली, की त्याचा नंबर पहिला! ती खूण कशी घालायची याची गुप्त किल्ली ज्याच्याकडे, फक्त त्यालाच ती घालता येते. आम्ही जन्मभर चाचण्या घेतल्या तरी हाती लागायची नाही. ती किल्लीच शोधतेय मी.”

“आणि तोवर बाबांनी काय करायचं?” ऊर्वी रडत ओरडली. “बदलून टाका ना ते मेले शेवटचे आकडे! तेवढ्यानं कुणाचा ताप उतरणार आहे का?”

आत्या कपाळावर हात मारून उठली. इतकी शिकलेली बाई, पण कुलूप दिसलं की किल्लीच्याच मागे लागायची! तिनं दोघांच्या मापांचे शेवटचे आकडे यादृच्छिक (फासे टाकल्यासारखे, कसलाही नेम नसलेले) केले आणि यंत्राला पुन्हापुन्हा विचारलं. आजार होता तसाच राहिला, खूण मात्र मोडली. बहुतेक वेळा उत्तर आलं: बाबा आधी.

पण वसाहतीच्या आरोग्य समितीचं एकमत होईपर्यंत उशीर झाला. मेहुण्याचं फुप्फुस काढून बाबांना लावलं, तरी ते वाचले नाहीत.

तेव्हापासून आकडे ढवळल्याशिवाय यंत्राला विचारायचं नाही, असा नियम झाला. काही दिवसांनी मेहुण्याचा ताप खरोखरच चढला. त्याच वेळी आणखी एक रुग्ण आला. ऊर्वीनं हट्टानं स्वतः दोघांचे आकडे ढवळले.

उत्तर आलं: मेहुणा आधी.

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. ऊर्वीनं बाहीनं डोळे पुसले.

“बघतेस काय, आत्या? लाव त्याला. आता यंत्र खरं बोलतंय.”