मागून येणारा वारा

लोकांच्या माना सरळ करून पोट भरणाऱ्या बाईची स्वतःचीच मान आखडावी, यासारखी फजिती नाही. ती फिजिओथेरपिस्ट होती. त्या संध्याकाळी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ती शिरली, तेव्हा तिची मान डावीकडे वळायला साफ नकार देत होती. कुणाकडे बघायचं तर तिला कपाटासारखं अख्खं वळावं लागत होतं.

"काच हवीय," ती म्हणाली. "उघड्या गाडीला. सीटच्या मागे लावतात ती."

"काच नाही, ॲक्रिलिक," डावीकडून आवाज आला.

ती अख्खी वळली. केसांवर पांढरा भुसा घेऊन एक माणूस टेबलामागे उभा होता. हसू दाबायला त्याला बरेच कष्ट पडत होते.

"मान?" त्याने विचारलं.

"मान," ती म्हणाली. "पण वारा तर पुढून येतो ना?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. पुढची काच त्याला अडवते. मग तो डोक्यावरून मागे जातो, तिथून वळतो आणि..." वाऱ्याची वाट दाखवणारा त्याचा तळवा तिच्या मानेपासून थोडा अलीकडेच थांबला. त्याने तो गुपचूप खिशात घातला.

गाडी तिच्या मामाची. दोन दारांची, जुनी, छत मागे दुमडणारी. गुडघे कुरकुरायला लागल्यावर मामाने किल्ली भाचीच्या हातात ठेवली होती. दिवसभर लोकांचे खांदे दाबून ती इतकी दमायची की जेवताना बोलायचाही कंटाळा यायचा, आणि अंथरुणावर पडलं की झोप रुसून बसायची. जीव रमायचा तो फक्त छत उघडल्यावर. आता तेही मानेवर आलं होतं. रविवारी एक जण गाडी बघायला येणार होता. आज काही जमलं तर ठीक, नाहीतर गाडी विकून मोकळं व्हायचं, असं तिने ठरवलं होतं. याहून जास्त काही ठरवायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"जाळीसुद्धा मिळते," तो म्हणाला, "पण आरशात मागचं सगळं मळकट दिसतं. यातून बघा." त्याने स्वच्छ ॲक्रिलिकची शीट दोघांच्या मध्ये धरली. पलीकडे तो होता तसाच दिसला. डोळे थकलेले, भुवईवरही भुसा.

"दिसतंय?"

"दिसतंय..." ती जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिली. "छान दिसतंय."

"ॲक्रिलिक?"

"मग काय तुम्ही?" ती म्हणाली खरी, पण कान तापलेच.

उंची मात्र गाडीत बसूनच ठरणार होती. कमी पडली तर मान तशीच, जास्त झाली तर कोंडल्यासारखं वाटतं. "एक चक्कर मारू," तो म्हणाला. "या मानेने तुम्ही चालवू नका."

म्हणून ती स्वतःच्याच गाडीत पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसली. मागे शीट चिमट्यांनी पक्की केलेली. गाडीने वेग घेतला आणि तिचा एक केसही हलला नाही! डोक्यावरून आभाळ पळत होतं आणि खाली सगळं शांत होतं.

"काहीतरी बोला," तो म्हणाला. "आवाज नीट येतो का बघतो."

"काय बोलू?"

"दिवस कसा गेला ते सांगा."

हे तिला कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. ती सांगू लागली. एक आजोबा व्यायाम मोजताना कशी लबाडी करतात, त्यांची बायको त्यांना कशी पकडते... आणि पकडायच्या आतच तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाडी दुकानासमोर उभी होती. रस्त्यावरचे दिवे लागले होते, आणि दुकानाचा मालक अर्ध्या शटरखाली वाकून दोघांकडे डोळे वटारत होता.

"अहो, उठवायचं ना!"

"आलो होतो मघाशी. तुम्ही झोपलेल्या. मग पुढे गेलो."

"घोरत होते?"

"जरासं. या शीटमुळे अगदी स्पष्ट ऐकू आलं."

ती मनापासून हसली. मग उतरून मागे आली आणि हसू विरलं. "हे लावल्यावर मागच्या सीटवर कुणी बसू शकणार नाही?"

"नाही. मग ही दोघांचीच गाडी."

"मग राहू दे," ती हळूच म्हणाली. "आई मागे बसते."

आई कायम मागेच बसायची, डोक्याला स्कार्फ गुंडाळून. त्याने वाद घातला नाही. नुसते चिमटे सोडवले... अगदी सावकाश.

घरी आल्यावर तिने आईला शीटचं, मागच्या सीटचं आणि गाडीत लागलेल्या झोपेचं सांगितलं. आईने कपाळावर हात मारला.

"अगं माऊ, मला काय मागे बसायची हौस होती? सगळा वारा माझ्या तोंडावर! कानात बोळे घालून बसायचे मी."

"मग पुढे का नाही बसलीस?"

"मी बसले असते तर तू जन्मभर मलाच फिरवत राहिली असतीस. वाटलं, शेजारची जागा रिकामी दिसली की कधीतरी खुपेल तुला." आईने तिच्याकडे नीट बघितलं. "आज चालवायला कोण होतं?"

"कुणी नाही गं. ॲक्रिलिकवाला."

"त्या कुणी नाहीच्या शेजारी तुला झोप लागली? इथे रात्रभर कूस बदलत असतेस, ऐकते मी. मला बस आहे, पाय आहेत. त्या गाडी बघणाऱ्याला नको म्हणून कळव."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात उभी राहिली. तिने होकार दिला, तशी त्याने शीट मापात कापली, कडा घासल्या, गाडीत बसवली. ओरखडे पडू नयेत म्हणून नव्या शीटला दोन्ही बाजूंनी चिकटवलेली निळी फिल्म मात्र तशीच ठेवली.

"ही तुम्ही काढा," तो म्हणाला. "काढली की माल परत घेत नाहीत. विचार करा."

"विचार करकरून दमलेय हो मी," ती म्हणाली, आणि मग थांबताच येईना. "काल तुमच्याशेजारी मला झोप लागली. मला हल्ली कुठेच लागत नाही. घरी नाही, सुट्टीत नाही... मला तुम्ही आवडलात. तेच सांगायला आलेय. बाकीचं फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

त्याने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "काल पेट्रोलचा दिवा लागला म्हणून थांबलो. नाहीतर... थांबलोच नसतो."

तिने कोपऱ्यात नख घातलं आणि फिल्म सरकन ओढून काढली.