दगडावरचा दुसरा साप

"साप काढतोय की दोरखंड वळतोय, देव जाणे," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "चारदा मान बदलायला लावली, तरी बदकासारखीच."

गावोगाव फिरून दगड कोरणाऱ्या ईसबेर्नने ऐकलं. कोळशाची रेघ हाताने पुसत म्हणाला, "आई, उद्या पाचव्यांदा बदलू. बदकाला तेवढंच बरं वाटेल."

माझा नवरा केतिल तीन वर्षांपूर्वी होड्यांबरोबर पूर्वेला गेला. गेल्या शरदात त्याचा सोबती एकटाच परतला – केतिलचा कमरपट्टा घेऊन. तेव्हापासून घरात 'अजून आला नाही' असंच म्हणायचे. तरी मेलेल्यांसाठी उभारतात तसा पुलापाशी त्याच्या नावाचा दगड हवा, हे सासूबाईंनीच ठरवलं. वेटोळं घातलेला साप, आणि सापाच्या अंगात अक्षरं. 'गुनवोर आणि योरुन यांनी हा दगड उभा केला' इथवर, म्हणजे सासूबाईंच्या आणि माझ्या नावापर्यंत, कोरून झालं होतं. पुढे केतिलच्या नावापुरती जागा कोरी.

मी रोज ईसबेर्नला सातूची भाकरी आणि ताक न्यायची. भुरभुर पावसात दगडावरच्या रेघा उठून दिसायच्या... आणि त्याच्या भुवयांवरची दगडाची भुकटीही.

"एकच साप ठरला होता," मी एकदा म्हणाले. मोठ्याच्या पोटाखालून एक बारीक साप निघून त्याला विळखा घालत होता.

"हो... पण एकच असता, तर काम परवाच संपलं असतं."

"मग?"

"मग तळ्यापलीकडच्या गावी जावं लागलं असतं." त्याने मान वर केली नाही. "तिथलं ताक आंबट असतं."

मला हसू आलं. ते अर्ध्यावरच थांबलं. जिचा नवरा अजून आला नाही, तिने यावर काय बोलायचं? मी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

दुसऱ्या सापाची शेपटीही एके दिवशी संपलीच. नावाची जागा सोडली तर दगडावर बोटभर मोकळं उरलं नाही. सासूबाई आल्या. ईसबेर्न छिन्नी घेऊन बाजूला झाला.

"आई, आता काय चुकलंय?"

त्यांनी डोक्यापासून बोट फिरवत नेलं – एकेका वळणावरून, एकेका गाठीवरून. बारीक सापापाशी बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मी फडकं मुठीत धरलं.

"काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कोऱ्या जागेवर हात टेकला.

"माझा केतिल मेला. नाव कोर, बाळा."